हौसाआत्याची पेटी

कुणाही बाईला तपासायच्या आधी हौसाआत्या आपले दोन्ही हात स्वतःच्या काखेत घालून उभी राहायची. उजवा हात डाव्या काखेत, डावा उजव्या काखेत, आणि मान वर. नवख्या बाईला वाटायचं, ही आपल्यावर रागावली आहे. मलाही तसंच वाटलं होतं. मी तेव्हा सातव्या महिन्यात होते. मी हळूच उठले आणि दाराकडे निघाले.

"कुठं निघालीस?" ती म्हणाली. "हात तापवतीया मी. गार हात लावला तर पोट दचकतं. मंग पोरगं जन्मभर दचकत बसतं."

मी परत येऊन बसले.

"नाव काय तुजं?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. बाहेर रांगेत चाळीतल्या सगळ्या बायका कान देऊन बसलेल्या. त्यांतली एक म्हणाली, "आत्या, ती कोकणातली आहे. लाजरी आहे फार."

"लाजरी का मुकी?"

"लाजरी."

"एकच हाय ते," हौसाआत्या म्हणाली, आणि त्या दिवसापासून पिंपरीच्या त्या सगळ्या चाळीत माझं नाव मुकी पडलं. मला त्याचा कधी राग आला नाही. बोलावं लागत नाही, ही सोयच झाली.

माझी आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी करण्याचा प्रश्नच नव्हता. आमचे हे नव्या कारखान्यात लागले होते. तो कारखाना उभा राहिला तेव्हा हौसाआत्याच्या दिराचं रान त्यात गेलं. ती जुन्या चिंचवड गावातली. पूर्वी बाळंतपणं करायची, सासूकडून शिकलेली. कारखान्याने कामगारांच्या बायकामुलांसाठी दवाखाना काढला आणि पुण्याहून एक तरुण डॉक्टरीणबाई आणल्या. पहिला महिनाभर दवाखान्यात चिटपाखरू फिरकलं नाही. मग कुणीतरी शहाणपणा केला आणि हौसाआत्याला तिथे आया म्हणून ठेवलं. ती दाराशी स्टूल टाकून बसली आणि दुसऱ्या दिवशी रांग लागली.

"ज्या रानात म्या खुरपलं, त्याच रानात आता खुर्चीवर बसती मी," ती म्हणायची. खुर्ची नव्हती, स्टूलच होतं. पण ती त्यावर पाटलिणीसारखी बसायची.

उंच, काळी, हाडाची. कपाळावर हिरवं गोंदण. हसली की वरचे दोन दात पुढे यायचे, आणि ती बरीच हसायची. नवरा गेला तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मूलबाळ नाही. बारशाला तिला बोलवायचं की नाही यावर गावातल्या बायका कुजबुजायच्या. त्याच बायका पोटात कळ आली की तिच्या दाराशी माणूस पाठवायच्या. ती म्हणायची, "पोर भाईर काढाया मी लागती, पाळण्यात घालाया मी न्हाई चालत. बरं हाय. पाळणा हलवायचं काम तरी वाचतं."

आणि तिची एक शिस्त होती. कुणी बाई येऊन, "आत्या, मला इथं असं होतंय, तिथं तसं होतंय," असं सांगायला लागली की ती हात वर करायची. "सांगायचं न्हाई. दावायचं." तिचं म्हणणं, बाईला सांगायला लावलं की ती अर्धं लाजेनं खाते आणि अर्धं भीतीनं वाढवते. अंग मात्र खोटं बोलत नाही. माझ्यासारखीला ते फार बरं वाटायचं.

आता पेटीचं सांगते.

डॉक्टरीणबाई हुशार होत्या, मनाने चांगल्या होत्या, पण त्यांचं बोलणं पुण्याचं. एका दुपारी त्यांनी आम्हा दहा-बारा बायकांना बसवून भिंतीवर बाईच्या शरीराचं चित्र टांगलं. चित्र पाहताच सगळ्यांच्या माना खाली गेल्या. आम्ही सगळ्या फरशीच्या भेगा मोजत बसलो, आणि बाई बोलत राहिल्या. गरोदरपणात रक्तामध्ये हार्मोन वाढतात. त्यांच्यामुळे छातीत दुधाच्या नव्या नळ्या तयार होतात. पाजून झालं की त्या मिटतात. ज्या बायकांना लहान वयात मुलं होतात, ज्या पुष्कळ पाजतात, त्यांना छातीतल्या वाईट गाठीचा रोग त्यामानाने कमी होताना दिसतो. पुढेही त्या काहीतरी म्हणाल्या, पण तोवर एकीचं मूल रडायला लागलं होतं.

"काही शंका?" बाईंनी विचारलं.

माना खालीच राहिल्या. बाई हात धुवायला आत गेल्या. त्याबरोबर सगळ्या बायका हौसाआत्याकडे वळल्या.

"काय म्हनल्या?"

हौसाआत्याने स्टूल पुढे ओढलं. "अगं, सोपं हाय. पोटुशी बाईच्या अंगात हार्मोनी वाजती."

"काय वाजतं?"

"हार्मोनी. बाजाची पेटी! भजनात असती ती."

"अगं बया! अंगात पेटी?"

"मंग! भाता कुठं म्हनशील, तर हितं." तिने ओटीपोटावर हात ठेवला. "पोर राह्यलं की भाता जोरात चालतो. सूर चढला की छातीतल्या नळ्या उठून नाचाया लागत्यात. पोर झालं, पाजलं, अंगावरून तोडलं, की पेटी गप. नाचणारी दमून घरी जात्यात. आन् एकदा पोटभर नाचून दमलेला मानूस पुन्हा वाकडं पाऊल टाकत न्हाई. म्हणून पाजलेल्या बाईला त्या रोगाचं भ्या न्हाई."

सगळ्यांच्या माना वर झाल्या. सगळ्यांना कळलं. बाई दारात उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"हौसाबाई, पेटी नव्हे हो! हार्मोन. रक्तातला एक प्रकारचा रस."

"रस म्हनलं तर ह्यांना उसाचा वाटंल, बाई."

"अहो, पण चूक आहे ते!"

"चूक असूंद्या. ध्यानात राहतंय न्हवं?"

राहिलं, आणि इतकं राहिलं की आठ दिवसांत चाळीच्या नळावर बायका एकमेकींना विचारायला लागल्या, "काय गं, पेटी सुरू झाली का?" कुणाला दिवस गेले की "भाता हलला" म्हणायचं. पुरुषांसमोरही बिनधास्त बोलता येई. आमचे हे एकदा जेवताना मला म्हणाले, "ह्या चाळीत बायकांना भजनाचं वेड लागलंय वाटतं. सारखी पेटी, पेटी." मी वाढता वाढता तोंडाला पदर लावला. ते समजले की मला ठसका लागला, आणि पाणी पुढे केलं.

पण त्यांनी तेवढ्यावर सोडलं नाही. चाळीत एक भजनी मंडळ होतं, आणि त्याचे बुवा ह्यांच्याच खात्यात काम करत. बुवांची पेटी बिघडली होती. ह्यांनी त्यांना मोठ्या खात्रीने सांगितलं, "बुवा, पुण्याला कशाला नेता? दवाखान्यातली हौसाआत्या पेटी बघते. सगळ्या बायका तिच्याकडेच जातात."

मी त्या दिवशी सुमनला, माझ्या मुलीला, टोचायला नेलं होतं. बुवा आले. हातात काही दिसत नव्हतं, पेटी त्यांनी धोतरात गुंडाळून बाहेर पायरीवर ठेवली होती.

"आत्या, जरा पेटीचं काम होतं."

हौसाआत्याने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. पुरुष माणूस स्वतःहून चौकशीला आला, याचं तिला कौतुक वाटलं असावं. "बोला की. लाजू नका."

"एक जागा दाबली की दबते, पण परत वर येत नाही."

"किती दिस झालं?"

"दोनेक महिने."

"दुखतंय का?"

बुवा गोंधळले. "दुखत नाही... पण भाता मारला की कण्हल्यासारखा आवाज येतो."

"भाता कोन मारतं?"

"मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही मी."

"द्यायबी नगं," हौसाआत्या म्हणाली. "कितवा महिना?"

"कशाचा?"

"बुवा, आता आडपडदा नगं. बाईला कुठं ठिवलीया?"

"कोणती बाई? पेटी पायरीवर आहे. धोतरात बांधून आणलीय."

रांगेतल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. हौसाआत्या इतकी हसली की तिला स्टूलावरून उठून भिंत धरावी लागली. बिचारे बुवा कावरेबावरे होऊन परत निघाले. तशी ती म्हणाली, "थांबा. आणलीया तर बघू द्या." पेटी आत आणवली, फडक्यातून सोडवली, तिच्यासमोर मांडी घातली. आणि मग, खरं सांगते, तिने दोन्ही हात काखेत घातले, चांगले तापवले, आणि डोळे मिटून त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून एकेक बोट फिरवलं. एका फटीपाशी थांबली. अंबाड्यातला आकडा काढला आणि आतून उदबत्तीची तुटकी काडी बाहेर ओढली. पट्टी टक्कन वर आली.

"सुखरूप सुटली," ती म्हणाली. "पाच दिस जड उचलायचं न्हाई."

त्यानंतर ती वाटेत दिसली तरी बुवा तिला नमस्कार करायचे.

अशी हसणारी हौसाआत्या त्या वर्षी एकदा पंधरा दिवस हसली नाही.

चाकणच्या बाजूची एक बाई तिच्याकडे यायची. दोन मुलं झालेली, दोघांना भरपूर पाजलेलं, तिसऱ्यांदा पाचवा महिना. तिच्या छातीत गाठ लागली. दूध धरायला लागलं की कुणाकुणाला अशा गाठी येतात. त्यावर हौसाआत्याचा सासूकडून आलेला उपाय होता. लाकडी फणी तव्यावर कोमट करायची आणि त्या फणीने छाती हलकेच विंचरायची. गोठलेलं दूध उतरतं. तिने त्या बाईला पंधरा दिवस तसं विंचरलं. "दोन पाजल्यात तू. तुला कसलं भ्या?" असं म्हणत विंचरलं. पण ती गाठ दुधाची नव्हती. डॉक्टरीणबाईंच्या हाताला लागली तेव्हा ती काखेपर्यंत गेलेली होती. पुण्याला नेलं. मूल झालं, पण त्याचं जावळ काढायला आई राहिली नाही.

हौसाआत्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली. "तुमीच म्हनलावता, पाजलेल्या बाईला हुत न्हाई."

"कमी होतो म्हटलं होतं, हौसाबाई. होत नाही असं नव्हतं म्हटलं. आणि हेही सांगितलं होतं की गाठ आधीच बसलेली असेल, तर गरोदरपणातले तेच हार्मोन तिलाही वाढवू शकतात. भरलेल्या छातीत ती लवकर कळतही नाही." बाईंचा आवाज खाली आला. "पण तुमचं पेटीपाशी अडलं."

हौसाआत्या घरी गेली आणि सासूची फणी चुलीत घातली.

आणि सोळाव्या दिवशी पेटीची गोष्ट पुन्हा सांगायला बसली, पण आता तिला पुढचा अर्धा भाग जोडलेला होता. "मांडवात चोर आधीच शिरून बसला आसंल, तर पेटी त्योबी ऐकतो. आन् सगळ्यांपरास जोरात त्योच नाचतो. म्हणून पोटुशी असताना दर पंधरा दिसाला मांडव चाचपायचा. काय समजलं?"

चोर ओळखायचा कसा, यासाठी तिने बटव्यात सुपारीबरोबर चिंचोके बाळगायला सुरुवात केली. चिंचवडात चिंचोक्यांना काय तोटा! पदराच्या चार घड्यांखाली चिंचोका ठेवायची आणि वरून बोटं फिरवायला लावायची. "आसं टणक लागलं तर यायचं. कणकेच्या गोळ्यावानी मऊ लागलं, दाबलं की दुखलं, तर घरी शेकायचं, पोराला पाजायचं. दोन दिसांत उतरलं न्हाई तर तेबी दावायचं. दुखती गाठ ही भांडखोर शेजारीण. बोंबलती, मंग गप हुती. जी मुक्यानं बसती, तिला भ्यावं." मग माझ्याकडे बघून म्हणायची, "गाठ काय आन् बाई काय. ह्या मुकीला तर मी लई भिती."

सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. तिने मलाही एक चिंचोका दिला होता. तो मी देवघरातल्या डबीत ठेवला होता.

सुमन दोन वर्षांची होत आली होती. थंडीचे दिवस होते. मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते आणि हौसाआत्या एका पोटुशीला तपासायला उभी राहिली. नेहमीसारखी मान वर. डावा हात उजव्या काखेत. उजवा हात मात्र तिने डाव्या काखेत घातला नाही. चहाच्या पितळी पेल्याला धरून तो तापवला.

मला वाटलं, चहा प्यायची असेल म्हणून. चार दिवसांनी पुन्हा पाहिलं. पेल्यात चहा नव्हता, नुसतं गरम पाणी होतं.

त्यानंतर मी बघतच राहिले. न बोलणाऱ्या माणसाला बघायला वेळ पुष्कळ असतो. ती वरच्या फळीवरची बाटली उजव्या हाताने काढायची. सुमनला कडेवर घ्यायची ती उजव्याच. पूर्वी डावीकडे घ्यायची.

एकदा दवाखाना रिकामा झाल्यावर मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आत्या, हात काखेत का घालत नाही?"

ती स्टूल पुसत होती. पुसतच राहिली. "ग बया, मुकीला वाचा फुटली! साखर वाटाया पायजे."

"डाव्या काखेत काय आहे?"

"काख हाय. तुला न्हाई व्हय?"

मी म्हणाले, "सांगायचं नाही. दाखवायचं."

तिच्या हातातलं फडकं थांबलं. तिने खिडकीचं दार लोटलं. मग खाली बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "दोन गावच्या बायांना मी सांगत फिरले, पाजलेल्या बाईला भ्या कमी. मंग न पाजलेल्या बाईला काय गं? ते मी कधी कुणाला सांगितलं न्हाई. सांगितलं का? जन्मभर वांझ म्हणून ऐकलं मी. हसून ऐकलं. आता लोकं म्हणतील, बघा, रोगानंबी तेच म्हनलं. न्हाई मुके. माझी पेटी कधी वाजलीच न्हाई. बंद पेटीत उंदीर शिरला. राहू दे त्याला."

"आत्या..."

"कुणाला सांगशील तर तुज्या पोरीची आण हाय."

घरी जाऊन मी विचार करत राहिले. मी भित्री बाई. सुमनची आण मोडायची माझी हिंमत नव्हती. पण आण होती ती सांगायची.

दुसऱ्या दिवशी मी रांगेत बसले. माझी पाळी आली. बाईंनी मान वर न करता विचारलं, "काय होतंय?"

मी डबीतला चिंचोका काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.

बाईंनी चिंचोक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तो चिंचोका कुणाचा आणि कशासाठी, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. "तुम्हाला?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग कुणाला?"

बाहेर हौसाआत्या रांगेवर ओरडत होती, "एकीमागं एक बसा! काय गुळाची ढेप फुटलीया का हितं?" मी त्या आवाजाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. बाईंनी हातातल्या पेनाला टोपण लावलं.

मग त्या उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. पुण्याच्या बाई, इस्त्रीचं पातळ, मनगटावर घड्याळ. सगळ्या रांगेसमोर त्यांनी आपले दोन्ही हात काखेत घातले आणि मान वर करून उभ्या राहिल्या.

रांगेतल्या माना दाराकडे वळल्या. हौसाआत्याने मागे वळून पाहिलं.

"हौसाबाई, आत या," बाई म्हणाल्या. "माझे हात तापलेत."

हौसाआत्या स्टूलावरून उठली. मला ओलांडून जाताना एवढंच म्हणाली, "मुके, तुझं भलं होवो, मेले." मला वाटलं ती मला बाहेर काढेल. तिने माझं मनगट धरलं आणि मलाही आत नेलं. तपासणं होईपर्यंत ते सोडलं नाही. माझ्या बांगड्या हातात रुतल्या होत्या.

बाईंनी हात धुतले. म्हणाल्या, "पुण्याला जावं लागेल. लवकर. ऑपरेशन करतील. अजून वेळ गेलेली नाही असं मला वाटतं, पण खात्री तिथे तपासल्यावरच."

"मूल झालं न्हाई म्हणून झालं न्हवं?" हौसाआत्याने विचारलं. "खरं सांगा. मला फसवायचं न्हाई."

"तसं नाही म्हणता येत. दहा मुलांच्या आईलाही होतो. तुम्ही पाहिलंय. ही काही शिक्षा नाही, हौसाबाई."

"मंग काय हाय?"

बाई बोलायला लागल्या. रक्त म्हणाल्या, पेशी म्हणाल्या, थांबल्या. हौसाआत्या त्यांच्याकडे बघत होती, पण तिच्या कानात काही जात नव्हतं हे दिसत होतं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पेटी आहे ना," त्या म्हणाल्या. "ती फक्त गरोदरपणात वाजते असं नाही. प्रत्येक बाईच्या अंगात ती वाजत असते. शहाणी झाल्यापासून, दर महिन्याला. मूल असो नसो. मूल राहिलं की सूर बदलतो, पाजताना जरा विसावा मिळतो. तुमची पेटी तीसेक वर्षं वाजतेय, हौसाबाई. मधे कधी थांबलीच नाही."

माझ्या पदराला धरून आत आलेल्या सुमनचे पैंजण वाजले.

"माझी पेटी वाजत व्हती?" हौसाआत्या म्हणाली.

"वाजत होती."

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला."

"मला वाटायचं, बंदच हाय." तिने पदर डोळ्याला लावला, आणि पदराआडून हसली. "बघा की. एवढी वाजली, आन् एक मानूस ऐकाया न्हाई आला."

बाईही हसल्या, आणि त्यांनी घाईने चष्मा पुन्हा घातला. मग सांगितलं की गाठीबरोबर ती बाजू काढतील, आणि कदाचित ओटीपोटातूनही काही काढतील, म्हणजे उरलेल्या रोगाला खाद्य मिळणार नाही.

"म्हंजी भाताच काढनार."

"हो. भाताच."

"काढा," हौसाआत्या म्हणाली. "लई वाजली."

पुण्याहून ती दोन महिन्यांनी परत आली. अर्धी झाली होती. पण पुन्हा त्याच स्टूलावर. पहिल्या दिवशी बायका तिच्याकडे बघायचं टाळत होत्या. तिने पाच मिनिटं ते चालू दिलं आणि मग म्हणाली, "चोरून काय बघता गं? उजवीकडं मी हाय. डावीकडं बाजरी हाय."

खरंच बाजरी होती. फडक्यात बाजरी बांधून तिने पुरचुंडी केली होती आणि ती चोळीत घालायची. "कापूस घालून बघितला, पर त्याला वजन न्हाई. मी एका अंगाला झुकाया लागले, म्हशीच्या गाडीवानी. बाजरी बरी. जड बी, मऊ बी." फक्त दर पंधरवड्याला बाजरीत किडे पडत. मग ती बदलायची. जुनी बाजरी दवाखान्याच्या मागे कोंबड्यांना टाकायची. बुवांनी एकदा अवघडून विचारलं, "आत्या, आता तब्येत?" तर म्हणाली, "भाता काढलेली पेटी हाय. तुमी वाजवून दावा, बुवा."

बाई तिला तीन महिन्यांनी तपासायच्या. दर वेळी ती आत जाताना रांगेतल्या बायका गप्प व्हायच्या, आणि बाहेर येऊन तिने कुणाला तरी शिवी दिली की पुन्हा बोलायला लागायच्या. किती वर्षं मिळतील हे कुणी सांगू शकत नव्हतं. तिने विचारलंही नाही.

पुढे आमच्या ह्यांना दुसऱ्या गावी काम मिळालं. आम्ही निघालो तेव्हा मला पुन्हा दिवस राहिले होते. मुंबई-पुणे रस्त्यावर मोटार थांबायची तिथे आम्ही ट्रंक घेऊन उभे होतो. हौसाआत्या निरोप द्यायला आली. तिने डावा हात उजव्या काखेत घातला, उजवा नुसता पदराखाली धरला, मान वर करून उभी राहिली, आणि मग सगळ्या रस्त्यादेखत माझ्या पोटावर हात ठेवला.

"चांगली वाजतीया," ती म्हणाली. "पंधरा दिसाला मांडव चाचपायचा. इसरायचं न्हाई."

मला पुष्कळ बोलायचं होतं. मी वाकून नमस्कार केला.

"असूं दे. तू बोललीस तेवढं पुरे झालं."

मोटार आली. ह्यांनी ट्रंक वर चढवली, मी सुमनला घेऊन खिडकीशी बसले. खाली बघते तर हौसाआत्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. रस्त्याच्या कडेला एक कोंबडी पिल्लं घेऊन हिंडत होती, पाच-सहा असतील, नुकती अंड्यातून निघालेली. हौसाआत्या तिथेच धुळीत उकिडवी बसली. तिने चोळीत हात घालून पुरचुंडी काढली, दातांनी तिची गाठ सोडली आणि बाजरी ओंजळीत घेतली. चोळी डावीकडून सपाट झाली होती. पदर सारखा करायचं तिच्या ध्यानातही नव्हतं.

पिल्लं आधी लांब पळाली, मग एकेक करून आली आणि तिच्या ओंजळीवर चढली. मोटार सुरू झाली होती, तरी तिचा आवाज मला ऐकू आला.

"हळू गं बायांनो, हळू. कुनाला उपाशी ठेवनार न्हाई मी. लई हाय अजून."